केट हॉवर्ड – ऑस्ट्रेलियातली मूकपटवाली आणि नाटकवाली बाई, कोणी वाचलंय का हिच्याबद्दल? (मंडळाच्या नाटकासाठी हवंय)

वाडीतला_प्रॉम्प्टर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, हसू नका. आमच्या वाडीचं नाट्यमंडळ दर मे महिन्यात सत्यनारायणाच्या पूजेला एक नाटक करतं (कणकवलीच्या वरच्या अंगाला, गाव सांगत नाही नाहीतर इथेच चार जण ओळखतील). मी काय नट नाही, विंगेत बॅटरी घेऊन बसणारा प्रॉम्प्टर, पण नाटक निवडायचं काम फिरून फिरून माझ्याच गळ्यात येतं कारण बाकीच्यांना वाचायचा कंटाळा. दरवर्षी तीच सासू-जावई कॉमेडी, तोच दारुडा, लोकांना आता पुढचा डायलॉग माझ्या आधी पाठ असतो.

तर परवा जुन्या मूकपटांबद्दल वाचत बसलो होतो आणि केट हॉवर्ड नावाच्या एका ऑस्ट्रेलियन बाईवर अडकलो. स्वतःची नाटक कंपनी, नाटकं स्वतः लिहायची, बसवायची, त्यात काम करायची, आणि १९२१ साली आपल्याच नाटकावर 'पॉसम पॅडॉक' नावाचा मूकपट काढला. ऑस्ट्रेलियात फीचर फिल्म दिग्दर्शित करणारी पहिली बाई. पॅडॉक म्हणजे कुंपण घातलेलं रान. गोष्ट वाचली आणि मी खुर्चीत सरळच झालो. कर्जात बुडालेला शेतकरी, पैशासाठी जमिनीचा एक तुकडा विकायला निघालेला, शेजाऱ्याला तो तुकडा हवाय कारण त्याला आतल्या गोटातून कळलंय की तिथून रेल्वे जाणार आहे आणि भाव वाढणार आहे, वर शेतकऱ्याची मुलगी पण त्याला बायको म्हणून हवीय.

आता सांगा, ही गोष्ट आपल्याकडची नाही असं कोण म्हणेल?

विचारायचं एवढंच की या बाईचं पुढे काय झालं, एकच सिनेमा का काढला, तो बघायला मिळतो का, नाटकाची संहिता कुठे असेल आणि मुख्य म्हणजे आपल्या खळ्यात हे उभं राहील का. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा विस्ताराने लिहा, घाई नाही.

जुनी_रिळं

अरे वा, केट हॉवर्डचं नाव मराठी फोरमवर! लिहितोच आता, लांबेल.

जन्म १८६४, इंग्लंडचा. लहानपणीच घरचे न्यूझीलंडला गेले, तिथे वाढली. खरं नाव कॅथरीन क्लॅरिसा जोन्स, हॉवर्ड हे रंगमंचावरचं. विशीच्या आसपास लग्न केलं एका संगीतकाराशी, आणि मग १८९०च्या दशकापासून स्वतःची फिरती कंपनी, घरातलीच काही माणसं कंपनीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली लहान लहान गावं, खाणींच्या वस्त्या, जिथे सिडनी-मेलबर्नची मोठी कंपनी कधी जाणार नाही तिथे ही जायची. आपल्याकडे तेव्हा संगीत नाटक कंपन्या बैलगाडीतून पडदे आणि पेट्या घेऊन फिरायच्या तोच काळ धरा, फक्त तिकडे मालक बाई.

मधे काही वर्षं अमेरिका आणि लंडनला जाऊन आली. परत आल्यावर १९१०च्या दशकात सिडनीच्या बाल्मेन भागात (गोदी कामगारांची वस्ती तेव्हा) थिएटर धरून खेळ लावले. तसलं थिएटर चालवायचं म्हणजे नाटकं पटापट बदलायला लागतात, कारण प्रेक्षक तेच, शेजारच्याच गल्लीतले, तेच नाटक दुसऱ्यांदा कोण बघणार. तर तिने मेलोड्रामे लिहिले, पँटोमाइम (गाण्या-विनोदाचे खेळ) लिहिले, गाणी लिहिली, बसवली, भूमिका केल्या आणि गल्लाही सांभाळला. तुमच्या प्रश्नात 'मूकपटवाली' आणि 'नाटकवाली' असं लिहिलंय ते बरोबरच आहे पण माझ्या मते ती आधी कंपनीची मालकीण, बाकी सगळं त्यानंतर. नाटक का लिहिलं? कंपनीला पुढच्या आठवड्यात काहीतरी हवं म्हणून. सिनेमा का काढला? नाटक चाललं म्हणून.

आणि ते चाललं पण कसं. 'पॉसम पॅडॉक' सप्टेंबर १९१९ मध्ये सिडनीच्या थिएटर रॉयलला लागलं तेव्हा ती ५५ वर्षांची होती. सगळी उमर खेड्यापाड्यात आणि उपनगरात गेलेली आणि या वयात शहरातल्या मोठ्या थिएटरात स्वतःचं नाटक. तेव्हा तिकडे खेड्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबावरच्या विनोदी नाटकांची लाटच होती, १९१२ साली 'ऑन अवर सिलेक्शन'चं नाट्यरूप आलं त्याने ती लाट उठवली, मग ब्यूमाँट स्मिथने १९१७ पासून 'हेसीड्स' नावाच्या खेडुत कुटुंबावर सिनेमांची रांगच लावली, १९२०ला रेमंड लाँगफर्डने 'ऑन अवर सिलेक्शन'चा सिनेमा केला. हॉवर्डबाईंनी वारं बरोबर ओळखलं आणि जानेवारी १९२१ ला आपला सिनेमा थेटरात आणला. निर्माती ती, लेखिका ती, पडद्यावरही ती, दिग्दर्शनात चार्ल्स व्हिलियर्स नावाचा नट जोडीला, आणि नायिका नॅन्सी म्हणजे तिची स्वतःची मुलगी लेस्ली एड्रियन.

एकच सिनेमा का? एकतर तिकडचा वितरणाचा धंदा १९१३ सालापासून एका मोठ्या जोड-कंपनीच्या मुठीत गेला होता, लोक तिला 'कंबाइन' म्हणायचे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन सिनेमाचा पूर आला, थेटरवाल्याला अमेरिकन रीळ स्वस्तात आणि ठोक भावात मिळायचं तर तो गाववाल्याचं का लावेल. शेवटी १९२७-२८ मध्ये सरकारला यावर रॉयल कमिशन बसवावं लागलं, म्हणजे बघा. आणि दुसरं माझं मत, बाईंचा जीव नाटकातच होता. सिनेमा झाला, परत कंपनी घेऊन नाटकं लिहायला आणि करायला लागली. १९३९ ला सिडनीत गेली.

सिनेमा पूर्ण उरलेला नाही, काही भाग कॅनबेराच्या नॅशनल फिल्म अँड साउंड अर्काइव्हमध्ये आहे. संहितेसाठी कॅनबेरातल्याच नॅशनल अर्काइव्ह्जना मेल टाका, त्या काळात नाटकाचा कॉपीराइट नोंदवताना संहितेची प्रत सरकारजमा करायला लागायची, तशी शेकडो नाटकं तिथे पडून आहेत. आणि 'ट्रोव्ह' म्हणून त्यांच्या नॅशनल लायब्ररीची साइट आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं फुकट, शोध टाकला की बारक्या गावांतल्या पेपरातली तिच्या खेळांची जाहिरात आणि परीक्षणं सापडतात. एकदा उघडलंत की रात्र गेली समजा.

सातबारा_उतारा

रिळंभाऊ मस्त लिहिलंत. मी सिनेमावाला नाही, राजापूरकडचा आहे, जमिनीच्या कागदांत केस पांढरे झालेले, तर त्या बाजूने बोलतो.

प्रॉम्प्टर, हे नाटक उभं राहील यात शंकाच नको पण जसंच्या तसं नाही राहणार, आणि कुठे अडेल ते सांगतो. त्या ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याची जमीन एकट्याच्या नावावर. त्याने सही केली की विषय संपला. आपल्याकडे असं होतं का? आपल्याकडे सामायिक सातबारा! आजोबांच्या नावापुढे वारसांची ही रांग, त्यातले निम्मे लालबाग-परळ करून आता डोंबिवली-विरारला, एक आत्या लग्न होऊन गोव्यात, एका काकाचं नाव कमी करायचं राहून गेलंय, तो जाऊन जमाना झाला. तेव्हा तुमच्या व्हिलनला एका म्हाताऱ्याला पटवून चालणार नाही, त्याला सह्यांसाठी मुंबईत दारोदार फिरायला लागेल, आणि खरी कॉमेडी तिथे आहे. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी 'आमचा वाटा किती', प्रत्येक घरी भावाविषयी तक्रार. दुसरा अंक सगळा यावर निघतो.

आणि व्हिलन शेजारी दाखवलाय हे त्या बाईने एकदम बरोबर केलंय. लोक म्हणतात बाहेरचे आले आणि जमिनी घेऊन गेले. बाहेरचा येतो शेवटी, फॉर्च्युनरमधून. त्याच्या आधी येतो तो आपलाच, बांधाला बांध असलेला, ज्याला माहितीय की तुमच्या घरात कोण आजारी आहे, पोराच्या फीचे पैसे कुठे अडलेत. तो म्हणतो, 'काका, त्या सड्यावर काय पिकतंय तुमचं, नुसतं गवत, मी घेतो, तुमची अडचण भागेल.' काकांनाही पटतं कारण सड्याला कोणी जमीन समजतच नव्हतं. आंब्याची कलमं वेगळी, भाताचं कुणगं वेगळं, आणि सडा म्हणजे कातळाचं माळरान, गुरं सोडायची जागा. मग दोन वर्षांनी कळतं की तिथून रस्ता चाललाय किंवा प्रकल्प चाललाय, आणि मोजणीवाले येऊन कातळावर चुन्याने खुणा करतात. आमच्या घरातही असा एक तुकडा गेला, नावं घेत नाही, सगळे अजून एकाच पंगतीला बसतात.

म्हणून पॅडॉकचं 'सडा' करा. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा नाटक १९९०च्या आसपासचं दाखवलंत तर मोबाइल नाही, इंटरनेट नाही, बातमी तालुक्याला जो पहिला पोचला त्यालाच कळणार. व्हिलनचं सगळं बळ त्यात आहे. आजच्या काळात दाखवलंत तर व्हॉट्सअॅपवर नकाशा आधीच फिरलेला असतो, नाटक पहिल्या अंकात संपेल.

पडद्यामागे_काय

थोडं पाणी ओततो. पहिली बाई वगैरे ठीक, पण सिनेमा म्हणून बघाल तर त्या काळातला ऑस्ट्रेलियन मूकपट म्हणजे रेमंड लाँगफर्ड आणि लॉटी लायल. 'द सेंटिमेंटल ब्लोक' (१९१९) बघा. त्याची गंमत म्हणजे चांगली प्रिंट सापडली ती अमेरिकेत, रॉचेस्टरच्या ईस्टमन हाउस या संग्रहालयात, १९७३ साली, डब्यावर नाव चुकून 'द सेंटिमेंटल ब्लाँड' पडलेलं! हॉवर्डबाईंचा सिनेमा नाटकाची जाहिरात आणि नाटकाच्या जिवावर चाललेला, सिनेमाच्या इतिहासात तेवढंच. आणि ऑस्ट्रेलियाने १९०६ मध्येच 'द स्टोरी ऑफ द केली गँग' काढला होता, तासाभराच्या वरचा, जगातली पहिली फीचर फिल्म म्हणतात ती. १५ वर्षांनी आलेल्या एका खेडुत कॉमेडीत एवढं काय?

जुनी_रिळं

@पडद्यामागे_काय लाँगफर्ड मोठाच, वाद नाही. पण लॉटी लायलचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून, ती लाँगफर्डच्या सिनेमांत लिहायची, काम करायची, एडिटिंगमध्ये असायची आणि १९२१च्या 'द ब्लू माउंटन्स मिस्टरी'चं दिग्दर्शन दोघांनी मिळून केलं, १९२५ ला क्षयाने गेली. किती काम तिचं आणि किती त्याचं यावर अजून लोक भांडतात. हॉवर्डबाईंच्या बाबतीत ते भांडणच नाही, पैसा तिचा, नाटक तिचं, कंपनी तिची. १९२० च्या दशकात पुढे मॅकडोना बहिणींनी (तिघी बहिणी, दिग्दर्शन पॉलेटचं) स्वतःच्या बळावर सिनेमे काढले, पण हिने आधी केलं आणि पन्नाशी उलटल्यावर केलं.

आक्का_गुहागर

तुम्ही पुरुष मंडळी जमीन आणि प्रिंट यावरच बोलताय म्हणून लिहिते. 'पॉसम पॅडॉक'मध्ये एक अविवाहित आई आहे, आणि तिचा प्रसंग सेन्सॉरने सिनेमातून कापायला लावला. नाटकात लोकांनी तो बघितलेला, चाललेला, पडद्यावर मात्र नको. हे कोणीच लिहिलं नाही! विनोदी नाटक म्हणून प्रॉम्प्टर फक्त म्हातारा, रेल्वे आणि व्हिलन उचलतील आणि ती बाई परत एकदा कापली जाईल, म्हणजे शंभर वर्षांनी सेन्सॉरचं काम आमच्या मंडळांनी फुकटात केलं. करू नका तसं. गावात अशी एक तरी बाई असते जिचं नाव काढलं की बोलणं बदलतं. तिला एकच प्रवेश द्या पण द्या, आणि रडारड नको, तिला बोलू द्या, भांडू द्या.

आणि दुसरं, नॅन्सीचं काम करायला पोरगी आहे का वाडीत? म्हणजे काम करायला घरचे सोडतील अशी? आमच्याकडे मी शाळेत असताना मुलीच्या भूमिकेत मुलगाच असायचा, बापूकाकांचा धाकटा, साडीत इतका छान दिसायचा की बायका त्याला ब्लाउज शिवून द्यायच्या. फाळक्यांना तरी १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'ला तारामती कुठे मिळाली, अण्णा साळुंके उभे राहिले. मग त्याच वर्षी पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आल्या, सोबत मुलगी कमलाबाई. आपली पहिली दिग्दर्शिका फातमा बेगम, तिने १९२६ ला 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला, तिच्या तिन्ही मुली सिनेमात काम करायच्या. आणि इकडे केट आणि लेस्ली. बघा, सगळीकडे आईनेच मुलीला हाताला धरून आणलंय, कारण बाहेरच्या मुली कोणी पाठवायलाच तयार नव्हतं. तेव्हा प्रॉम्प्टर, मुलगी मिळत नसेल तर आधी आईला विचारा, आईला पण एक काम द्या. दोघी येतील. तालमीला सोबत झाली की घरच्यांचं तोंड आपोआप बंद.

धयकालो

माका शिनेमातला जास्त कळना नाय पण आमी दशावतारी, म्हणान एक सांगतंय. ती बाई सगळा एकटीच करी ह्या वाचून तुमका नवल वाटला, माका नाय. आमच्यात मालक असता तो रातचो देवाचा काम करता, फाटफटी हिशोब करता आणि मगे टेम्पोत पेटारो पण तोच चढवता. ह्या जत्रेतसून त्या जत्रेक. लिवलेली संहिता आमच्याकडे नसताच, कथा ठरता आणि स्टेजवर गेल्यार बोलूचा. तेवा तुमका कॅनबेरातसून कागद येवंक उशीर झालो तरी अडून रवा नको. कथा गावली ना? झाला.

आणि त्या जमीन गिळणाऱ्याक संकासुर (आमच्या दशावतारातलो राक्षस) करा, लोकांका लगेच कळतला.

पडद्यामागे_काय

ओके, संकासुराला माझं मत. आणि रिळं, तुमचा मुद्दा घेतला. फक्त एक गोष्ट प्रॉम्प्टरसाठी, जो काही भाग उरलाय तो बघायच्या नादी फार लागू नका, तुकड्यात बघून गोष्ट कळत नाही. त्यापेक्षा परीक्षणं वाचा, कुठल्या वाक्याला लोक हसले ते पेपरवाले लिहून ठेवायचे तेव्हा. मूकपटाच्या पाट्यांवरून संवाद लिहायला जाल तर फसाल, पाटी म्हणजे चार शब्द.

आणि आपण त्यांना काय बोलतो, आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले, उरले तीसही नाहीत. पुण्यात २००३ च्या आगीत फिल्म अर्काइव्हची नायट्रेटची (पटकन पेट घेणारी) जुनी रिळं गेली ती वेगळीच. फातमा बेगमच्या त्या सिनेमाचं तर एक फूट पण नाही शिल्लक. त्या मानाने हॉवर्डबाई नशीबवान.

वाडीतला_प्रॉम्प्टर

अरे बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल रात्री मंडळाची मीटिंग होती देवळात, तिथे हे सगळं वाचून दाखवलं. सड्याची कल्पना सगळ्यांना पटली, सामायिक सातबाऱ्यावर तर एवढे हसले की अध्यक्षांनी मधेच उठून पाणी प्यायलं, आणि मग लक्षात आलं की ते हसत नव्हते, त्यांचंच प्रकरण चालू आहे. तेव्हा वारसांची संख्या बदलणार आणि गोव्यातली आत्या सावंतवाडीला नेणार, नाहीतर नाटकाच्या आधीच नोटीस येईल.

@आक्का_गुहागर तुमचा प्रवेश ठेवायचा असं मी म्हटलं तर दोघे तिघे कुरकुरले, 'पूजेला हे कशाला'. मग आमच्या बालवाडीच्या बाई मागे बसल्या होत्या त्या म्हणाल्या मी करते ते काम, पण लिहून मला आधी दाखवा, वाकडं तिकडं लिहिलंत तर करणार नाही. त्यांची मुलगी बारावीला आहे, परीक्षा मार्चमध्ये संपते. नॅन्सीचं तिला विचारलंय.

कॉपीराइटचं कोणी सांगेल का? लेखिकेचं नाव तर लावणारच आहोत बोर्डावर.

जुनी_रिळं

लेखिका १९३९ ला गेली, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत, आणि तुम्ही तर संहिता न घेता कथाबीजावरून नवीन लिहिताय, तिथे अडचण नाही. प्रयोगाच्या परवानगीचं मात्र जिल्ह्याला विचारून घ्या, सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट नवीन संहितेला लागतं आणि त्याला वेळ जातो, मेमध्ये प्रयोग तर आत्ताच लिहायला बसा. बोर्डावर 'मूळ कल्पना: केट हॉवर्ड, सिडनी, १९१९' असं लिहा, कोणीतरी नक्की विचारेल या बाई कुठल्या वाडीच्या.

सातबारा_उतारा

दुसऱ्या अंकाचं मी लिहून देतो, फुकट. फक्त तलाठ्याचं पात्र आलं तर त्याला चांगला दाखवा, माझा एक फेरफार अजून पेंडिंग आहे.